स्टिरॉइड सुरू करताना, घेताना आणि सोडताना

प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळीची, चिठ्ठी हातात आली की फार्मसीची पायरी चढण्याआधी तिच्यावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत का ते पाहा: रोज किती मिलिग्रॅम, किती दिवस, आणि शेवटी कमी कसे करायचे. पहिल्या दोन बहुधा असतात. तिसरी राहून गेली असेल तर तिथेच डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. स्टिरॉइडच्या बाबतीत जिवावर बेतणारे प्रसंग पुष्कळदा गोळी चालू असताना येत नाहीत, ती अचानक सोडल्यावर येतात. हे का होते ते कळले की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

शरीरात काय घडते

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. त्याचे प्रमाण पहाटे वाढू लागते, सकाळी सहा ते आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्री तळाला जाते. रक्तदाब टिकवणे, उपाशीपोटी साखर सांभाळणे, ताप-जखम-शस्त्रक्रिया यांचा ताण झेलणे ही त्याची कामे. मोठ्या माणसाचे शरीर दिवसाला जेवढे कॉर्टिसॉल बनवते ते ढोबळमानाने ४ ते ६ मिग्रॅ प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचे असते. म्हणजे ४० मिग्रॅचा डोस हा शरीराच्या नेहमीच्या पुरवठ्याच्या सात-आठ पट झाला. दुष्परिणाम होतात ते या जादा भागामुळे.

औषध पेशीत शिरते, तिथल्या ग्राही रेणूला (रिसेप्टरला) चिकटते आणि ती जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन सूज निर्माण करणाऱ्या जनुकांचे काम थोपवते. या सगळ्याला काही तास लागतात. म्हणूनच दम्याचा झटका आल्यावर स्टिरॉइडची गोळी गिळून बसून राहणे घातक आहे. त्या क्षणी श्वासनलिका मोकळी करते ते साल्ब्युटामॉल. स्टिरॉइडचा उपयोग पुढच्या काही तासांत आतली सूज उतरवायला होतो.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती व्यक्ती चालू लागली. १९५० चे नोबेल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना मिळाले. हे औषध रोग मुळातून उपटत नाही, बहुतेक आजारांत दाह दाबते, आणि दीर्घकाळ दिल्यास किंमत वसूल करते, हेही त्या सुरुवातीच्या वर्षांतच स्पष्ट झाले होते. तरीही दमा, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिने जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार), पेम्फिगस (अंगावर फोड येण्याचा आजार), मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज अशा अनेक ठिकाणी याला तोडीचा पर्याय नाही. त्यामुळे ‘स्टिरॉइड आहे’ एवढ्याच कारणाने औषध नाकारू नका.

मिलिग्रॅम नीट वाचा

५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन, ४ मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिग्रॅ डेफ्लाझाकॉर्ट, २० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन आणि ०.७५ मिग्रॅ डेक्सामेथासोन यांची ताकद जवळपास सारखी असते. आकडा लहान म्हणून औषध सौम्य, असा समज करून घेऊ नका. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी ३ मिग्रॅहून जास्त प्रेडनिसोलोनचे काम करते, आणि तिचा परिणाम दीड दिवस किंवा त्याहूनही जास्त टिकतो. एका कंपनीची गोळी मिळाली नाही म्हणून फार्मसीवाल्याने दुसरी दिली, तर कंपनीचे नाव बाजूला ठेवून आतल्या औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळवून पाहा.

सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्या, दम्याची गावठी चूर्णे, बारीक मुलांचे वजन वाढवणाऱ्या सुट्या गोळ्या यांत डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन मिसळलेले आढळते. अशी पुडी घेताच भूक वाढली, चेहरा गोल झाला आणि बंद करताच अंगातला जीव गेल्यासारखे वाटले, तर संशय पक्का समजा. पुडी एकदम टाकून देऊ नका. ती सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती महिने घेतली ते खरे सांगा.

रोजची गोळी: वेळ, पोट, ताट

दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर सकाळी आठ-नऊच्या आत, काहीतरी खाऊन. पेज असो वा पाव-भाजी, पोट रिकामे नको. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल सकाळीच जास्त असते, त्यामुळे त्या वेळी घेतलेल्या डोसाने ग्रंथी कमी दबतात आणि रात्रीची झोपही फार बिघडत नाही. संध्याकाळी घेतलेली गोळी माणसाला रात्री दोनपर्यंत टक्क जागे ठेवते. डॉक्टरांनी दोन भाग करून दिले असतील, तर दुसरा भाग दुपारच्या जेवणाबरोबर चालेल का ते विचारून घ्या.

नुसत्या स्टिरॉइडने जठरात व्रण होण्याचा धोका मर्यादित असतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन त्याच्या जोडीला आले की तो झपाट्याने वाढतो. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्या. डांबरासारखी काळी शौच झाली तर वाट पाहू नका. फेणी असो वा इतर कोणतीही दारू, या काळात ती जठर, हाडे आणि साखर या तिन्हींवर भार टाकते.

भूक राक्षसी वाढते, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत. ताटातला भात आधी जेवढा होता तेवढाच ठेवायचा आणि जादा भूक भाजी, डाळ, मासळीवर भागवायची. मिठाचा मुद्दा गोव्यात फार महत्त्वाचा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा घराघरांत पुरुमेंताचे (पावसाळ्याच्या बेगमीचे) सुके बांगडे आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर निघते, जोडीला लोणचे, पापड, चोरीस (गोव्याचे सॉसेज). काही स्टिरॉइडे शरीरात मीठ-पाणी अडवतात. पाय सुजतात, रक्तदाब चढतो आणि लोक म्हणतात गोळीने अंग फुगले. निम्मे काम त्या सुक्या मासळीने केलेले असते. आठवड्यातून एकदा, त्याच वजनकाट्यावर, सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे, डॉक्टरांना कळवा.

साखर: उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबू नका

इथे चूक हमखास होते. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याची साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते आणि रात्रीत उतरते. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन केलेली तपासणी अगदी चांगली येऊ शकते, आणि त्याच माणसाची दुपारच्या जेवणानंतरची साखर ३०० असू शकते. ग्लुकोमीटरने दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. मधुमेह नसलेल्यांनीही पहिल्या आठवड्यात हे करावे. आकडा दोनदा २०० च्या वर गेला तर डॉक्टरांशी बोला.

ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांचे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड स्टिरॉइडच्या काळात वाढवले जाते. पुढे स्टिरॉइड उतरवताना ते वाढवलेले औषधही त्याच वेगाने उतरवावे लागते. ते विसरले की साखर एकदम खाली जाते आणि पहाटे माणूस घामाघूम, बडबडता सापडतो. स्टिरॉइडच्या प्रत्येक कपातीच्या दिवशी साखरेच्या औषधाचा प्रश्न स्वतःहून काढा.

करोनाच्या काळात ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त दहा दिवस, याने जीव वाचतात हे २०२० मध्ये सिद्ध झाले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हेच औषध ऑक्सिजन न लागणाऱ्यांनीही, जास्त डोसात आणि साखर न मोजता घेतले. देशभर म्युकरमायकोसिसचे (‘काळ्या बुरशी’चे) जे रुग्ण दिसले, त्यांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा आढळली.

थांबवणे

बाहेरून भरपूर स्टिरॉइड मिळू लागले की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी ॲड्रिनलला आदेश देणे बंद करते. आदेश नाही म्हणून ॲड्रिनल आक्रसते. साधारण तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज ५ मिग्रॅच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेतले असेल तर हे झाले आहे असे धरूनच चालायचे. ग्रंथी परत कामाला लागायला आठवडे, कधी महिने, क्वचित वर्षही जाते.

दम्यासाठी पाच-सात दिवस ४० मिग्रॅ घेतले असेल तर ते सहसा थेट बंद करता येते. महिन्यांचा हिशेब असेल तर पायऱ्या लागतात. वरच्या पायऱ्या मोठ्या असतात: ४० वरून २० पर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी ५ ते १० मिग्रॅ. २० वरून १० पर्यंत सावकाश, २.५ ते ५ मिग्रॅच्या टप्प्यांनी. १० च्या खाली मात्र खरी कसोटी. तिथे पुष्कळदा महिन्याला एकच मिग्रॅ कमी करतात. हा नमुना आहे, तुमच्या आजारानुसार डॉक्टर तो बदलतील. कॅलेंडरवर प्रत्येक दिवसाच्या चौकटीत मिलिग्रॅमचा आकडा लिहून ठेवा, कारण ‘अर्धी की पाव’ हा गोंधळ घरात नक्की होतो.

कमी करताना अंग मोडून येणे, सांधे दुखणे, मरगळ, उदासपणा जाणवू शकतो. मूळ आजार उलटला असो किंवा शरीर सवय मोडताना कुरकुरत असो, बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. स्वतःच्या मनाने डोस परत चढवू नका. आजाराची खूण (सूज, पुरळ, लघवीतले प्रथिन, श्वासाचा जोर) परत आली आहे का ते तपासून डॉक्टर ठरवतात. शेवटच्या टप्प्यात सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करता येते. आदल्या दिवशीच्या गोळीला २४ तास झाल्यावर, त्या सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे. नाहीतर प्रेडनिसोलोनच तपासणीत कॉर्टिसॉल म्हणून मोजले जाते आणि आकडा फसवा येतो. १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली असे धरतात. ५ च्या खाली असेल तर गोळी चालूच ठेवावी लागते.

ताप, उलट्या, अपघात या काळात शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागते आणि दबलेली ग्रंथी ते देऊ शकत नाही. म्हणून आजारी दिवसांचा वेगळा डोस आधीच लिहून घ्या. रोजचे प्रेडनिसोलोन १० मिग्रॅपेक्षा कमी असणाऱ्यांना ताप असेपर्यंत ५ मिग्रॅ सकाळी आणि ५ मिग्रॅ संध्याकाळी असा सल्ला सहसा मिळतो. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती परत घ्या. तीही उलटली तर घरी थांबू नका. उभे राहताच अंधारी, पोटात कळा, गळून जाणे, झापड ही संकटाची लक्षणे आहेत. १०८ ला फोन करा, आणि जवळच्या सरकारी इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोहोचताच पहिले वाक्य हे असू द्या: ‘हे बरेच महिने स्टिरॉइडवर आहेत, हायड्रोकॉर्टिसोन लागेल.’ मोठ्या माणसाला १०० मिग्रॅचे इंजेक्शन तातडीने देतात. सलाईन आणि उलटीचे औषध एवढ्याने हा माणूस सावरत नाही.

पावसाळा, गजकर्ण आणि ‘तिन्ही एकत्र’ असलेले मलम

गोव्याच्या पावसाळ्यात जांघेत, कमरेला, काखेत गजकर्ण येते. फार्मसीतून आणलेल्या मिश्र मलमात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे सर्वांत जहाल स्टिरॉइड एकत्र असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली फिकी पडते. बुरशी मात्र मरत नाही. तिला रोखणारी त्वचेची प्रतिक्रियाच स्टिरॉइडने दाबलेली असते, म्हणून ती आरामात पसरते. मलम थांबवले की दुप्पट जोराने खाज, परत मलम, आणि काही महिन्यांत मांड्यांवर जांभळे-पांढरे चरे. ते चरे कायमचे राहतात. जांघेची त्वचा पातळ आणि घामट असते, तिच्यातून औषध हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी पट जास्त आत जाते. वर ओली जीन्स असली की आणखी.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ते गजकर्णावर लावायचे नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेला लावायची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा अनुसूचीत घातली आहेत. गजकर्णाला साधे बुरशीनाशक मलम, पुरळाच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत, डाग गेल्यावरही दोन आठवडे. घरात ज्यांना ज्यांना आहे त्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. टॉवेल वेगळा. जून-जुलैत कपडे दमटच राहतात, म्हणून आतले कपडे उलटे करून शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा.

पुरळ पसरले म्हणून इट्राकोनाझोलच्या गोळ्या मिळाल्या, आणि तुम्ही दम्यासाठी ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप घेत असाल, तर डॉक्टरांना ते लगेच सांगा. इट्राकोनाझोल यकृतात या स्टिरॉइडांचा निचरा अडवते, आणि पंपातला छोटा डोसही रक्तात साठून चेहरा सुजणे, ग्रंथी दबणे इथपर्यंत जातो. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन नेमके उलट करते, प्रेडनिसोलोन लवकर संपवते, म्हणून डोस वाढवावा लागतो.

इसब, सोरायसिस अशा ज्या आजारांत स्टिरॉइड मलम योग्यच आहे, तिथे माप बोटाचे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळव्यांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरते. एका पूर्ण हाताला तीन-चार पट्ट्या, एका पायाला सात-आठ. दिवसातून एकदा-दोनदा, पातळ. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपलीकडे आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नाही, चेहऱ्यावर तर नाहीच. गोरेपणासाठी विकली जाणारी मिश्र क्रीम महिनोन्‌महिने लावून चेहरा लाल, जळजळता, केसाळ आणि पुटकुळ्यांनी भरलेला होतो. थांबवल्यावर काही आठवडे तो आणखी भडकतो. त्या काळात परत तेच क्रीम लावू नये म्हणून त्वचारोगतज्ज्ञाचा आधार घ्या.

पंप

श्वासातून घेतलेले स्टिरॉइड गोळीच्या मानाने फार थोडे लागते, म्हणून दम्यात गोळीपेक्षा पंप बरा. फवाऱ्याचा पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबताच सावकाश आत ओढा, दहा सेकंद रोखा. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) असेल तर घशात कमी आणि फुप्फुसात जास्त जाते. कॅप्सूलचा रोटाहेलर मात्र जोरात आणि खोल ओढायचा, आणि त्यात श्वास सोडायचा नाही, पावडर ओली होते. ही कॅप्सूल गिळायची नसते. असे गिळणारे रुग्ण खरोखर भेटतात. पावसाळ्यात कॅप्सूल दमट होऊन नीट फुटत नाही, म्हणून ती ऐन वेळीच बाहेर काढा. धुतलेला रोटाहेलर पूर्ण सुकायला इथे एक दिवस पुरत नाही, म्हणून दोन रोटाहेलर ठेवा. प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरा, पाणी थुंका. नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो आणि आवाज बसतो. २०० फवाऱ्यांचा पंप रोज चार फवाऱ्यांनी ५० दिवस चालतो. सुरू केल्याची तारीख त्याच्यावर लिहा.

मुलांच्या पालकांची धास्ती उंचीची असते. नेहमीच्या डोसात पंपाने उंचीत पडणारा फरक एखाद्या सेंटीमीटरचा असतो. न आवरलेला दमाही वाढ खुंटवतो. दर सहा महिन्यांनी उंची मोजून नोंदवा.

हाडे, डोळे, जंतू

तीन महिने किंवा जास्त काळ गोळी चालणार असेल तर कॅल्शियम आहार आणि गोळ्या मिळून रोज १००० ते १२०० मिग्रॅ, ड जीवनसत्त्व रोज ६०० ते ८०० युनिट. नाचणी, दूध, काट्यासकट खाल्लेले तारले यांतून बरेच मिळते. ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक असते, रोज नव्हे. वयस्कांना हाडांची घनता पाहून वेगळे औषध लागते. चालताना जांघेत खोल दुखू लागले तर खुब्याचा रक्तपुरवठा तुटला आहे का ते पाहावे लागते. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये दिसते.

डोळे सहा महिने-वर्षाने तपासा, मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब दोन्हींसाठी. घरातल्या कुणाचे जुने, स्टिरॉइड असलेले थेंब लाल डोळ्यात घालू नका. नागिणीच्या वर्गातल्या विषाणूने डोळा लाल झाला असेल तर स्टिरॉइडने बुबुळ जाऊ शकते.

स्टिरॉइड ताप आणि सूज झाकते, त्यामुळे जंतुसंसर्ग उशिरा कळतो. सुरू करण्याआधी पूर्वी क्षयरोग झाल्याचे, घरात क्षयरोगी असल्याचे, कावीळ बी असल्याचे सांगा. शेतात किंवा कुळागरात अनवाणी काम करणाऱ्यांनी तेही सांगावे. मातीतला स्ट्रॉन्जिलॉइडिस जंत पायातून शिरतो, वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि मोठ्या डोसात सगळ्या शरीरात पसरतो. शंका असेल तर आधी आयव्हरमेक्टिन देतात. जहाजावर जाणाऱ्या तारवटींना पिवळ्या तापाची लस लागते. ती जिवंत विषाणूची आहे. रोज २० मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे घेतले असेल तर संपल्यावर किमान एक महिना ती लस घेता येत नाही. गोवर-गालगुंड आणि कांजण्यांच्या लसीलाही हाच नियम.

झोप उडणे, चिडचिड, अकारण उत्साह किंवा रडू येणे हे ४० मिग्रॅच्या वर जास्त दिसते. घरच्यांनी ते औषधाचे लक्षण म्हणून डॉक्टरांना कळवायचे, माणसाशी भांडायचे नाही.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचे नाव, आजचा डोस, कधीपासून, कोणत्या आजारासाठी, डॉक्टरांचा फोन, आजारी दिवसांचा डोस. दात काढण्याआधी, सांध्यात इंजेक्शन घेण्याआधी, भूल देण्याआधी ती दाखवा. स्टिरॉइड बंद होऊन वर्ष झाले नसेल तरी भूलतज्ज्ञाला सांगा, म्हणजे टेबलावर रक्तदाब पडल्यास कारण त्यांना आधीच माहीत असेल.